शनिवारचं ६.३

सांगली जिल्ह्यातल्या एका सुनेचं पत्र आहे. सासरे (ती त्यांना मामा म्हणते) ६४ वर्षांचे, माळकरी. जुन्या रक्तदाबाने किडन्या गेल्या. चौदा महिने झाले, दर मंगळवारी आणि शनिवारी एसटीने तालुक्याला जाऊन डायलिसिस होतं. परतीची गाडी चुकू नये म्हणून मामा वीसेक मिनिटं आधीच सुई काढायला लावतात. पथ्यपाणी सगळं सुनेकडे. मार्चपासूनच्या पाच रिपोर्टांत पोटॅशियम असं आहे: ५.२, ५.९, ५.१, ५.८ आणि आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ६.३. एप्रिलचा रिपोर्ट बघून पुण्याच्या नणंदेने फोनवर विचारलं, "वहिनी, तू त्यांना नक्की काय खायला घालतेस?" तेव्हापासून हिने फळं, दूध, दही, डाळ एकेक करत बंद केलं. आता मामा भात, भाकरी आणि उकडून पिळून काढलेली दुधीची भाजी एवढ्यावर आहेत. एकादशीचं फराळाचं मात्र सासूबाई करतात, ते कुणी मोडत नाही. मामांचं वजन ५४ किलोवरून ५१.५ वर आलंय. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) ३.६ होतं ते ३.१ झालंय. "एकच चांगली बातमी म्हणजे क्रिएटिनिन ९.८ वरून ७.९ वर आलं," असं ती लिहिते. आणि विचारते, "सगळं बंद करूनही पोटॅशियम वाढतंच कसं? माझं कुठे चुकतंय?" खाली ताजा कलम: "जूनच्या रिपोर्टनंतर मीठसुद्धा बदललं. कमी सोडियमवालं, महागातलं आणते."

तुमच्या चार पानी पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ताज्या कलमात आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते. स्वयंपाकघरात जा आणि त्या मिठाच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. मिठातलं सोडियम कमी करायचं तर त्याच्या जागी खारट चवीचं दुसरं काहीतरी घालावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. नुसता रक्तदाब असलेल्या, किडन्या शाबूत असलेल्या माणसाला हे मीठ चालतं, उपयोगीही पडतं. मामांना नाही. हिशेब करून बघा. समजा पाकिटात शेकडा तीस भाग पोटॅशियम क्लोराइड आहे. दिवसभरात असं पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक छोटा चमचा, पोटात गेलं तर जवळजवळ ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम गेलं. मध्यम केळ्यात साधारण ४०० असतं. केळं तुम्ही बंद केलंत, आणि चिमटीचिमटीने रोज दोन केळी भाजीत पडत राहिली.

यात तुमचा दोष काढत नाही. रक्तदाबाला चांगलं म्हणून कुणीतरी सांगितलं असणार, आणि सांगणाऱ्याच्या डोक्यात डायलिसिस नसणार. आजपासून साधं मीठ आणा आणि तेच कमी घाला. चवीला आमसूल, जिरं, ओवा, लसूण आहेच. उपासाचं सैंधव म्हणाल तर तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ते वेगळं म्हणून जास्त घालायचं कारण नाही.

आता तुमचा आकडा. मी डॉक्टर नाही, हे तुम्हाला माहीत आहे. नवऱ्याच्या मशीनशेजारच्या स्टुलावर सात वर्षं बसलेली बाई आहे. तेव्हा मामांचे निर्णय त्यांचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टरच घेतील. पण रिपोर्ट हातात आला की पोटात गोळा येतो तो कसा, हे मला चांगलं ठाऊक आहे.

रिपोर्टवर पोटॅशियमसमोर ३.५ ते ५.१ अशी काहीतरी मर्यादा छापलेली असते. ती किडनी चालू असलेल्या माणसांची. डायलिसिसच्या रुग्णाचं, मशीनला लावण्याआधीचं पोटॅशियम साधारण ४ ते ५.५ मध्ये राहावं असं डॉक्टर बघतात. ६ च्या वर गेलं तर त्याच दिवशी सेंटरला फोन. ६.५ किंवा वर असेल तर फोनात वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल. आणि आकडा कितीही असो, मामांचे पाय अचानक गळाल्यासारखे झाले, नाडी मंद किंवा अडखळत लागली, छातीत धडधडलं, दम लागला, तर पुढच्या शनिवारची वाट बघायची नाही. जवळच्या ज्या दवाखान्यात ईसीजी निघतो तिथे जायचं आणि दारातच सांगायचं, "डायलिसिसचे पेशंट आहेत, पोटॅशियम बघा." हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन, पोटॅशियम तात्पुरतं पेशींत ढकलायला इन्सुलिन आणि ग्लुकोज, आणि मग मशीन असा त्यावरचा इलाज असतो. कित्येकदा लक्षण काहीच दिसत नाही, म्हणून "बरे दिसतायत की" यावर विसंबू नका. तुमच्या ६.३ च्या दिवशी मामा काही तासांत मशीनवरच गेले, तो धोका तिथे टळला. रविवारी असा आकडा आला असता तर गोष्ट वेगळी होती.

पण "वाढतंच चाललंय" हे तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही. तुम्ही तारखा लिहिल्यात हे फार बरं झालं, कारण मी कॅलेंडर काढून वार लावले. ५.२ आणि ५.१ हे मंगळवारचे नमुने. ५.९, ५.८ आणि ६.३ हे शनिवारचे. शनिवार ते मंगळवार तीन दिवस, मंगळवार ते शनिवार चार. ज्या रक्तात चार दिवसांचं साठलंय ते तीन दिवसांच्या रक्ताहून जास्त भरणारच. एप्रिलला नणंदबाईंचा फोन आला तेव्हा खरं तर काहीच वाढलं नव्हतं, वार बदलला होता. मंगळवारची तुलना मंगळवारशी आणि शनिवारची शनिवारशी केलीत तर जुलैपर्यंत मामांचं पोटॅशियम जागच्या जागी होतं. तुमची डाळ-दूधबंदी ज्या वाढीवर होती ती वाढ मुळात झालीच नव्हती. जुलैची वाढ मात्र खरी धरून चला, आणि तिच्यामागे मीठ आहे, एकादशी आहे, कदाचित आणखी दोनतीन गोष्टी आहेत.

त्याआधी पोटॅशियम राहतं कुठे ते सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. अंगातल्या पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत असतं. रक्तात तपासतो ते उरलेलं चिमूटभर. आमच्या घरी हे कळायला एक शहाळं लागलं. पहिल्याच वर्षी कुणीतरी डायलिसिस संपल्या संपल्या यांचं रक्त घेतलं. पोटॅशियम ३.१, रिपोर्टवर लाल अक्षरात. माझी जाऊ तडक खाली जाऊन शहाळं घेऊन आली, वर स्ट्रॉ खोचलेली. हे तोंडाला लावणार तोच सिस्टरने ते हातातून काढून घेतलं. म्हणाली, "काकू, विहीर उपसल्यावर लगेच पाणी मोजता का? झरे आहेत ना खाली." चार तास मशीनने रक्तातलं पोटॅशियम उपसलेलं असतं. मग पुढच्या काही तासांत पेशींतून पाझरून ते पुन्हा वर येतं. एका पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात सहाशेच्या आसपास मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. झरे आणि शहाळं दोन्ही मिळून रात्रीत काय झालं असतं कोण जाणे. मशीननंतर खरंच फार कमी होत असेल तर तेही हृदयाला बरं नाही, पण ते डॉक्टर मशीनच्या द्रावणातलं पोटॅशियम बदलून सांभाळतात. घरून फळं देऊन नाही. तेव्हा प्रत्येक आकड्याशेजारी "आधी" की "नंतर" हे लिहिलेलं हवं.

याच कारणाने रक्त कसं काढलं यालाही महत्त्व आहे. रबर फार वेळ आवळून ठेवलं, मूठ दहादा उघड-मीट करायला लावली, बारीक सुईने जोरात ओढलं, किंवा नळी मोटरसायकलच्या डिकीत दुपारभर फिरली, की हाताच्या स्नायूंतलं किंवा फुटलेल्या तांबड्या पेशींतलं पोटॅशियम त्या नमुन्यात उतरतं. मामांच्या अंगात ५.४ आणि कागदावर ६.३ असंही होऊ शकतं. रिपोर्टवर कुठे बारीक अक्षरात "हीमोलाइज्ड" लिहिलंय का बघा. पण स्वतःच्या मनाने "नमुनाच खराब असेल" म्हणून सोडून द्यायचं नाही. आकडा खराब ठरेपर्यंत खरा समजायचा आणि त्याच दिवशी पुन्हा तपासायचा. शक्य असेल तर डायलिसिस सुरू करताना, मशीन चालू व्हायच्या आधी, सेंटरमध्येच नमुना घ्यायला सांगा. एक टोचणंही वाचतं.

आता एकादशी. मामा माळकरी, तेव्हा आषाढी सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी ते ऐकणार नाहीत. पण फराळाचं ताट एकदा नीट बघा. गंमत अशी की साबुदाण्यात स्वतःचं पोटॅशियम नाममात्र आणि वरीतही कमीच. घोळ बाकीच्यांचा. दाण्याचं कूट मूठभर, न उकळता घातलेला बटाटा, वर वाटीभर रताळी, तोंडात टाकायला चारपाच खजूर. एवढ्याचं मिळून दीड ग्रॅम पोटॅशियम सहज होतं. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसाला बहुधा दोन ते तीन ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. म्हणजे दिवसाचा बराचसा कोटा सकाळच्या फराळातच संपला. आणि उलट बाजूने, नुसतं पाण्यावर राहिलं तर? तेही वाईट. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की इन्सुलिन उतरतं आणि पेशींतलं पोटॅशियम रक्तात येतं. काहीही न खाता वाढतं ते असं. शुक्रवारी फराळ, शनिवारी सकाळी उपाशीपोटी रक्त, तेही चार दिवसांच्या खंडानंतर. ६.३ ला आणखी काय पाहिजे.

तुमच्या पत्रात नाही, पण विचारते: मामांचं पोट साफ होतं का? किडनी थांबली की पोटॅशियम बाहेर टाकायचं थोडं काम आतडी अंगावर घेतात. फळ नाही, भाजी पिळलेली, पाणी मोजून. अशा माणसाला बद्धकोष्ठ नसेल तर नवल. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा, ते साजेसं औषध देतील. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टीही सोबत न्या. त्यातल्या काही गोळ्या पोटॅशियम वाढवतात. त्या परस्पर बंद करायच्या नाहीत, फक्त दाखवायच्या. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली गोळी चालू असेल तर तीही दाखवा.

आणि ती वीस मिनिटं! आठवड्याला दोनदा वीस म्हणजे चाळीस, महिन्याला जवळजवळ तीन तास. एका डायलिसिसचा पाऊण भाग दर महिन्याला एसटी खाऊन टाकते. सेंटरला विचारून सकाळची पहिली पाळी मागा. मिळणार नसेल तर कुणीतरी दुचाकीवर आणायला जा. पण चार तास म्हणजे चार तास.

इथवर पोटॅशियम झालं. खरी काळजी मला तुमच्या "चांगल्या बातमीची" वाटते.

क्रिएटिनिन ९.८ चं ७.९ झालं म्हणून घरात आनंद आहे. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी क्रिएटिनिन उतरणं म्हणजे किडनी सुधारणं, हे समीकरण सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आमच्याही होतं. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. नियमित डायलिसिसवर असलेल्या माणसाचा हा आकडा हळूहळू खाली येत असेल, मशीनचा वेळ वाढलेला नसेल, लघवीही वाढलेली नसेल, तर एक शक्यता पहिल्यांदा बघायची: स्नायूच कमी होतायत का? मामांचं वजन अडीच किलो उतरलंय. अल्ब्युमिन ३.६ चं ३.१ झालंय. तिन्ही आकडे एकाच बाजूला बोट दाखवतायत. मामांची उपासमार होतेय हो. भीतीपोटी, प्रेमापोटी, पण उपासमारच.

डायलिसिसमध्ये प्रथिनंही थोडी वाहून जातात, म्हणून या रुग्णांना निरोगी माणसापेक्षा जास्त प्रथिनं लागतात. किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम. मामांना ५२ ते ६२ ग्रॅम हवीत. भात, भाकरी आणि दुधीत तेवढी भरणं कठीण. डायलिसिस लागायच्या आधी डॉक्टरांनी "डाळ कमी करा" सांगितलेलं असतं आणि ते घरात कायमचं राहून जातं. मशीन सुरू झालं की तो नियम उलटतो, हे पुष्कळ घरांना कुणी सांगतच नाही. अल्ब्युमिन नुसतं खाण्याने उतरतं असंही नाही. हातातल्या फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचायला जोडून केलेल्या रक्तवाहिनीच्या) किंवा मानेतल्या नळीच्या जागी संसर्ग, दाताची पू, असं काही अंगात मुरत असलं तरी ते खाली येतं. तेव्हा ३.१ हा आकडा डॉक्टरांपुढे पोटॅशियमच्या आधी ठेवा.

त्यात अजून एक फसवं गणित आहे. अंगावरचं मांस उतरलं आणि सेंटरच्या कागदावर "ड्राय वेट" (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) जुनंच राहिलं, तर मशीन त्या जुन्या वजनापर्यंतच पाणी काढतं आणि मधल्या फरकाएवढं पाणी अंगात राहून जातं. चेहरा भरलेला दिसतो, रक्तदाब चढतो, रात्री आडवं झालं की दम लागतो. ड्राय वेट पुन्हा ठरवून घ्या.

मग खायला काय घालायचं? माळकरी घर, तेव्हा छापील तक्त्यातली अंडी-मासे तुमच्या कामाचे नाहीत. डाळ परत सुरू करा. पुरणाची डाळ आपण शिजवतो तशी, भरपूर पाण्यात, आणि वरचं पाणी निथळून घट्ट वरण. निथळलेलं ते पाणी म्हणजे कट, आणि पोटॅशियम उतरतं ते कटात. पुरणपोळीच्या दिवशी मामांना अर्धी पोळी द्या. कटाची आमटी बाकीच्यांनी प्यावी. कुकरमध्ये डाळ शिजवून तशीच घोटली तर बाहेर काहीच जात नाही, सगळं भांड्यातच राहतं. भाज्यांचंही तेच. बारीक चिरायच्या, मोठ्या पातेल्यात उकळायच्या, पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी. नुसतं भिजत घालण्यापेक्षा उकळल्याने पोटॅशियम जास्त उतरतं. पण दुधी, दोडका, पडवळ, कोबी या मुळातच बेताच्या भाज्या आहेत. त्या पिळून चोथा करायची गरज नाही. बटाटा, रताळं, पालक यांच्यासाठी ती मेहनत राखून ठेवा.

दुधापेक्षा घरचं पनीर बरं. दूध फाडल्यावर पोटॅशियमचा मोठा भाग निवळीबरोबर जातो आणि शंभर ग्रॅममागे अठराएक ग्रॅम प्रथिनं हाती लागतात. फक्त निवळीत कणीक भिजवू नका, सवयीने हात जातो. फळांपैकी अर्धं सफरचंद, पपईची फोड, अननसाची चकती, यातलं एक काहीतरी रोज चालण्यासारखं असतं. तुमच्या भागात बेदाणे घरोघरी. पण द्राक्षं वाळताना पाणी उडून जातं, पोटॅशियम नाही, त्यामुळे शंभर ग्रॅम बेदाण्यांत ताज्या द्राक्षांच्या जवळजवळ चौपट भरतं. येताजाता तोंडात टाकायची ती मूठ थांबवा. आणि एक फळ कायमचं वर्ज्य: कमरख, म्हणजे आडवं कापलं की चांदणीसारखं दिसणारं स्टार फ्रूट. त्याचा प्रश्न पोटॅशियमपुरता नाही. किडनी नसलेल्या माणसाच्या मेंदूवर त्यातलं विष चढतं, उचकी लागते, भ्रम होतो, फिट येते. एक फोडसुद्धा नको.

बाकीचे आकडे तुम्ही पाठवलेत, त्यांचं थोडक्यात सांगते. फॉस्फरस ५.५ च्या आत असावा, मामांचा ६.८ आहे. रात्री अंग खाजतं लिहिलंत, ते यामुळे असू शकतं. फॉस्फरसची गोळी ते "जेवण झाल्यावर, आठवण येईल तेव्हा" घेतात. ती जेवणातल्या फॉस्फरसला पोटातच बांधते, म्हणून घासांबरोबरच जायला हवी. ताटात वाढूनच टाका. डाळ-पनीर वाढवताना तर ती चुकायला नकोच. बाटलीतलं काळं कोला आणि डब्यातलं प्रक्रिया केलेलं चीज यांत वरून घातलेला फॉस्फेट असतो आणि तो जवळजवळ सगळा अंगी लागतो. नातवंडांच्या ग्लासातला घोटही नको. हिमोग्लोबिन ९.४ वर लॅबने बाण काढलाय खरा, पण मामांसाठी १० ते ११.५ च्या आसपास पुरतं. १४ चा हट्ट धरून इंजेक्शनं वाढवणं धोक्याचं. इंजेक्शन देऊनही वाढत नसेल तर लोह तपासलंय का ते विचारा. युरिया आधी ११०, नंतर ३८, म्हणजे ६५ टक्के उतरला. हा आकडा काठावरचा आहे, आणि हे प्रमाण आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांसाठी ठरवलेलं आहे. मामांचं दोनदाच होतं.

त्यावरून तिसऱ्या डायलिसिसचं विचाराच. आपल्याकडे दोनदा ही पद्धत पडलीय ती बरीचशी खर्चाने आणि जाण्यायेण्याच्या दगदगीने. ज्यांना अजून बरी लघवी होते त्यांचं दोनदात निभतंही. मामांना दिवसभरात लघवी किती होते ते एकदा चोवीस तास मोजून न्या, डॉक्टरांचा अर्धा निर्णय त्यावर होईल. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुमच्या सेंटरमध्ये आरोग्यमित्र असेल तर त्याला गाठून तिसऱ्या पाळीचं कसं जमेल ते विचारा. मशीनच्या द्रावणात पोटॅशियम किती ठेवतात, चार दिवसांच्या खंडासाठी पोटॅशियम बांधणारी पावडर द्यायची का, हेही त्याच भेटीत.

राहिल्या नणंदबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. शंभर पानी वही करा आणि पोटॅशियमच्या आकड्याशेजारी चार गोष्टी लिहीत जा: वार कोणता, आधीचं की नंतरचं, मशीन किती वेळ चाललं, आदल्या दिवशी काय वेगळं झालं. उपास, जुलाब, ताप, लग्नातलं जेवण, काहीही. तीन महिन्यांची पानं मोबाइलवर फोटो काढून त्यांना पाठवा. पाचपैकी तीन आकडे मोठे का, ते त्यांचं त्यांना दिसेल. जमल्यास एखाद्या शनिवारी त्यांनाच मामांबरोबर सेंटरवर पाठवा आणि तुम्ही घरी दुपारची झोप काढा. आमच्याकडे यांच्या बहिणीने एकच दिवस ते स्टूल सांभाळलं. त्यानंतर तिचे फोन "तू जेवलीस का?" असे सुरू व्हायला लागले.

अजून एक. चार पानांत मामांनी काय खायचं नाही एवढंच आहे. त्यांना काय खावंसं वाटतं, हे एका ओळीतही नाही. कामिका एकादशी जवळ आलीय. आजच विचारून ठेवा. भगर म्हणाले तर निश्चिंत करा, दाण्याची आमटी मात्र ताटात दोन चमचेच. खिचडी म्हणाले तर कूट निम्मं आणि बटाटा आधी उकळून, पाणी ओतून. रताळ्याचा कीस म्हणाले, तर तो मंगळवारी मशीनवर असताना पहिल्या तासात चार घास चालेल का ते सिस्टरांना विचारा. आमच्या सेंटरमध्ये चालायचं, आणि यांची आंब्याची एक फोड वर्षातून तीनदा अशीच, सुया टोचलेल्या हाताशेजारी वाटी ठेवून झालेली आहे.